मडक्यातला आकडा

गेल्या शनिवारी लेख टाकता आला नाही. दिवाळीसाठी खामगावला होतो आणि आईने मला माळा साफ करायला वर चढवलं होतं. आयटीतल्या पोराला घरी आल्यावर एवढंच काम जमतं असं तिचं मत आहे (बऱ्यापैकी बरोबर आहे). माळ्यावर दोन घंगाळं, माझी बारावीची पुस्तकं, बाबांचा बंद पडलेला रेडिओ आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक शंभर पानी वही निघाली.

वहीत नुसते आकडे. डावीकडे तारीख, मध्ये ‘३५६-४८-२८८’ अशी रांग, उजवीकडे रुपये. सुरुवातीच्या पानांवर २, २, ५. मधल्या पानांवर २०, ४०. शेवटी शेवटी २००, ५००. अक्षर सुरेख, समास आखलेला, काही आकड्यांभोवती लाल पेनाने गोल. पेशाने दिवसभर डेटा बघणाऱ्या माणसाला मोह पडावा असा नीटनेटका तक्ता. खाली उतरून आईला दाखवला. तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, “दादाची आहे ती. ठेव तिथंच.”

दादा म्हणजे माझा मोठा मामा. नांदुऱ्याकडे त्यांचं गाव. आमच्या घरात त्यांची गोष्ट चार शब्दांत सांगतात: “त्याले मटक्याचा नाद होता.” आठ एकरांतलं चार एकर वावर त्या नादात गेलं. पुढे कोणी काही सांगत नाही, आणि विचारायचंही नसतं.

लहानपणापासून मला हे चार शब्द पुरेसे वाटायचे. कोणाला भजनाचा नाद, कोणाला क्रिकेटचा, तसा मामांना मटक्याचा. माणूसच तसा, त्याला कोण काय करणार? यावेळी मात्र वही हातात असल्यामुळे असेल, दोन प्रश्न डोक्यातून जाईनात. गावात आकडा लावणारे पुष्कळ होते, मग वावर मामांचंच का गेलं? आणि मुंबईतल्या वरळीचा आकडा नांदुऱ्याजवळच्या एका खेड्यात रोज रात्री पोचायचा तरी कसा? मागचे दोन वीकएंड त्यातच गेले. जे कळलं ते लिहितोय. (वहीतली एक गोष्ट मला नको तितकी ओळखीची वाटली. ती शेवटी.)

आधी, ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आकड्याची भाषा. पत्त्यांतून तीन पानं काढायची. समजा ३, ५, ६ आली. बेरीज १४, तिचा शेवटचा आकडा ४. हा झाला ‘ओपन’. काही तासांनी पुन्हा तीन पानं: २, ८, ८. बेरीज १८, म्हणून ८ हा ‘क्लोज’. दोन्ही मिळून ४८ ही ‘जोडी’. म्हणजे वहीतली ‘३५६-४८-२८८’ ही एका दिवसाची पूर्ण नोंद आहे. एक आकडा बरोबर आला तर सर्वसाधारणपणे नऊपट पैसे, जोडी आली तर नव्वदपट. पैसे घेऊन चिठ्ठी देणारा गल्लीतलाच कोणीतरी, आणि त्याच्या मागे जोखीम घेणारा खायवाल. आमच्याकडे याला वरली म्हणतात, सट्टापट्टीही म्हणतात. पोलिसांच्या छाप्याच्या बातम्यांत हे दोन्ही शब्द आजही येतात.

आता गंमत अशी की हा आकडा मुळात पत्त्यांतून आलेलाच नाही. तो कापसातून आला. आणि कापूस म्हटलं की गोष्ट आमच्या जिल्ह्यातूनच सुरू करावी लागते.

खामगाव ही एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. भाव असे चढले की मुंबईत पैसा ठेवायला जागा पुरेना. मग शेअर्स, बँका, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या, आणि या सगळ्यावर वायद्याचे सौदे. प्रेमचंद रायचंद हे नाव त्याच काळातलं. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ ला वायदे पुरे करायचा दिवस आला तेव्हा मुंबईतली भली भली घराणी बुडाली. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. इकडे वऱ्हाडात कापसाचा पेरा मात्र राहिला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब ते खामगाव या छोट्याशा फाट्याच्या उद्घाटनाला आला. तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी व्हाइसरॉय! कापसाचं वजन केवढं होतं ते यावरून कळावं.

त्या रुळांबरोबर तारेचे खांब आले, आणि तारेबरोबर दूरचा भाव. आमच्या शेतकऱ्याने पिकवलेल्या कापसाची किंमत लिव्हरपूलला, पुढे न्यूयॉर्कला ठरायला लागली. जी गोष्ट आपल्या हातात नाही, जिचं कारण दिसत नाही, पण जिच्यावर वर्षाचं पोट अवलंबून आहे, अशी गोष्ट रोज आकड्याच्या रूपात दाराशी यायला लागली. माझ्या मते मटक्याची खरी पूर्वतयारी इथे झाली.

दुसरा आकडा पावसाचा. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘बरसात का सट्टा’ जोरात होता. अमुक वेळात अमुक एवढा पाऊस पडेल की नाही यावर पैसे. १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा ताजा होता, पण १८८९ मध्ये पावसाच्या सट्ट्याचं प्रकरण हायकोर्टात गेलं तेव्हा तो त्या कायद्याच्या शब्दांत बसेना. म्हणून १८९० मध्ये कायदा दुरुस्त करून पैज लावणंही जुगाराच्या व्याख्येत घातलं. (स्पेसिफिकेशनमध्ये राहिलेली फट आधी वापरणाऱ्याला सापडते आणि मग पॅच निघतो, हे तेव्हाही तसंच होतं.)

पावसाच्या अंदाजाचं बोलायचं तर आमच्या जिल्ह्याचं नाव साऱ्या महाराष्ट्रात ज्यामुळे घेतलं जातं ती भेंडवळची घटमांडणी विसरून चालणार नाही. जळगाव जामोद तालुक्यात, अक्षय्य तृतीयेला, वाघ घराण्याकडून शेतात धान्यांचं रिंगण मांडतात. मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याने भरलेली घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून वर्षाचं भाकीत सांगायचं. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात. मी विज्ञानाचा विद्यार्थी, माझा त्यावर विश्वास नाही, आणि तो जुगार तर मुळीच नाही, तिथे कोणी पैसे लावत नाही. पण पहाटे त्या शेताच्या बांधावर गर्दी करून उभी राहणारी माणसं बघितली की एक गोष्ट समजते. ज्याला जून महिन्यात घरातलं सगळं मातीत टाकावं लागतं, त्याला पुढचं कळावं अशी भूक असतेच. मडक्याकडे बघायची सवय आमच्याकडे मटका यायच्या आधीची आहे.

आता मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला यायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. त्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत सट्टा चालायचा. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून हे आकडे येणं थांबलं. खरं तर खेळ इथेच संपायला हवा होता, कारण ज्याच्यावर पैसे लावायचे तो भावच उरला नव्हता. पण तोपर्यंत लोकांना कापूस नको होता, आकडा हवा होता. १९६२ मध्ये कच्छमधून मुंबईत आलेल्या कल्याणजी भगत यांनी वरळीत आपला मटका सुरू केला, आणि १९६४ मध्ये फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी त्यांचा. आधी मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायचे, म्हणून नाव मटका. पुढे मडकं गेलं, पत्ते आले, नाव राहिलं. खत्रींचा ओपन रात्री नऊला आणि क्लोज बाराला. आणीबाणीत ते एकोणीस महिने तुरुंगात होते. २०२० च्या मे महिन्यात वारले, तेव्हा देशभरच्या पेपरांनी ‘मटका किंग’ म्हणून बातम्या दिल्या.

यातली एक गोष्ट इंजिनियर म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. कापसाच्या भावाला निदान पिकाशी, युद्धाशी, पावसाशी काही संबंध होता. पत्त्यांच्या आकड्याला कशाशीच नाही. म्हणजे कष्ट, माहिती, अनुभव यांपैकी काहीही त्यात कामाला येत नाही. पण दिसायला तो तसाच दिसतो: रोजचा ओपन, रोजचा क्लोज, मागच्या वर्षाचा चार्ट. अभ्यास करावासा वाटेल असा. मामांची वही म्हणजे तो अभ्यास.

मुंबईत याला गिऱ्हाईक मिळालं ते परळ-लालबागच्या गिरणगावात. हातात रोकड, घर कोकणात नाहीतर घाटावर, खोलीत दहा-पंधरा माणसं, पाळी सुटल्यावर रिकामा वेळ. चार आणे लावले तरी चालत होतं. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप झाला आणि ती रोकड आटली, पण तोवर फोनच्या तारेवरून आकडा गावोगाव पोचला होता. आमच्या भागात कसा यायचा ते मामांनीच सांगितलं.

भाऊबीजेला आईला घेऊन मी मामांकडे गेलो. वही बॅगेत होती. आईला सांगितलं नव्हतं. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो तेव्हा काढली.

“मामा, ही तुमची ना?”

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पानं उलटली. मला वाटलं आता रागावतील.

“कुठं भेटली रे तुले?” मग एका लाल गोलावर बोट ठेवून म्हणाले, “हे पाय. ही पह्यली जोडी. पाच रुपये लावले आन साडेचारशे भेटले. बापू, तवाच जर नसते भेटले ना, तर वावर रायलं असतं.”

१९८१ ची गोष्ट. मामा तेव्हा तेवीस वर्षांचे. आदल्याच वर्षी आजोबा गेलेले, आठ एकराचा आणि घराचा भार अंगावर. टपरीवर चिठ्ठी लिहिणारा शाळेतला मित्र. नांदुऱ्याला एका दुकानात फोन होता, रात्री आकडा तिथे यायचा, तिथून सायकलवर निरोप गावात. “आकडा यायच्या आंधी झोप नाई लागे. आला का मंग उद्याचा इचार.”

त्यांनी सांगितलेलं ऐकत होतो आणि एकीकडे मी पुण्यात वाचलेल्या गोष्टी आठवत होत्या. जुगाराच्या व्यसनावर २००२ मध्ये अॅलेक्स ब्लाझ्चिन्स्की आणि लिया नोवर या दोघांनी एक मांडणी केली, ती या विषयात अजून वापरतात. त्यांचं म्हणणं असं की या खड्ड्यात माणसं तीन वेगवेगळ्या वाटांनी येतात. काहींना मूळचा काहीच त्रास नसतो, पण सुरुवातीलाच मिळालेला डाव, आसपासची संगत आणि आकड्याबद्दलचे गैरसमज यांतून सवय जडते. काही जण आधीच दुःखी, एकटे, चिंतेत असतात, त्यांना खेळताना तेवढा वेळ विसर पडतो. आणि काहींचा स्वभावच उतावळा, घातक असतो. तिन्हींना एकच गोष्ट समान लागते: खेळ हाताशी असणं. खेळ हाताशी नसेल तर वाटा असूनही कोणी खड्ड्यापर्यंत पोचत नाही.

मामांना घ्या. पहिल्या महिन्यांतच मोठी जोडी, ही पहिली वाट. बापाचं जाणं आणि तेविसाव्या वर्षी आलेलं ओझं, ही दुसरी. उतावळे ते कधीच नव्हते. इतकी नीट वही उतावळा माणूस लिहीत नाही. उलट त्यांचा घात झाला तो व्यवस्थितपणाने. जो आकडा बरेच दिवस आला नाही तो आता येणारच, असं धरून ते त्याच्यावर लावत, आणि नाही आला की उद्या दुप्पट.

इथे हिशोब करू, कारण करायला सोपा आहे. दहातून एक आकडा, मिळाले तर नऊपट. म्हणजे सरासरी शंभर रुपयांमागे दहा रुपये खायवालाचे. रोज दहा रुपये लावणारा वर्षाचे तीनशे दिवस खेळला तर तीन हजार लावून सरासरी तीनशे घालवेल. तीनशे रुपयांनी कोणाचं वावर जात नाही, आणि गावातल्या बहुतेकांचं गेलंही नाही. पण ‘आज नाही तर उद्या दुप्पट’ केलं की गणित बदलतं. एखादा ठरावीक आकडा लागोपाठ दहा वेळा न येण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे जवळजवळ ३५ टक्के. तीनातून एकदा! दोन रुपयांपासून सुरू करून दुप्पट करत गेलात तर दहावा डाव १०२४ रुपयांचा असतो आणि तोवर २०४६ रुपये गेलेले असतात. वीस वेळा न येण्याची शक्यता सुद्धा १२ टक्के आहे, आणि वीस दुपटी कोणाच्या बापाला परवडत नाहीत. आकड्याला आठवण नसते. तो किती दिवस आला नाही हे त्याला माहीत नसतं, फक्त वहीला माहीत असतं.

त्यात ‘एकाने हुकला’. वहीत कितीतरी ठिकाणी मामांनी बाजूला बारीक लिहिलंय: ४७ लावला, ४८ आला. ४७ आणि ४८ मध्ये ४७ आणि १२ पेक्षा जास्त जवळीक नाही, दोन्ही सारखेच हुकलेले. पण मनाला तसं वाटत नाही. २००९ मध्ये केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन घेऊन दाखवलं की थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे तेच भाग जागे होतात जे जिंकल्यावर होतात, आणि पुन्हा खेळावंसं वाटतं.

हे झालं माणसाच्या आतलं. बाहेरचं काय होतं? मामांनी सांगितलेली यादी माझ्या शब्दांत:

टपरी घरापासून शंभर पावलांवर. रोजचा खेळ, रविवार सोडून. डाव कितीही लहान चालतो. लिहिणारा ओळखीचा, म्हणून उधारीही चालते, आणि उधारी फेडायला पुन्हा डाव. पेरणीला कर्ज, आणि कापूस गेला तरी पैसे लगेच नाहीत. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, कापूस पणन महासंघाला घालायचा आणि चुकाऱ्याची वाट बघायची. चुकारा उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी यायचा. मग एकदम हातात रोकड, समोर देणेकरी, आणि रक्कम देण्यापेक्षा थोडी कमी. “एक जोडी लागली का सारं फिटते,” हा विचार नेमका तेव्हा येतो. शेवटचा कापूस गेल्यावर जूनपर्यंत शेतात काम नाही, ते महिने वेगळेच. वहीत मी तारखा लावून बघितल्या. मोठे डाव जवळजवळ सगळे मार्च ते मे मधले आहेत.

आणि एक गोष्ट यादीत नव्हती, ती आईने सांगितली. ती इतका वेळ आत मामीशी बोलत होती. बाहेर येऊन ओट्याच्या पायरीवर बसली आणि वहीकडे न बघता म्हणाली, “त्या साडेचारशेची सायकल घेतली होती मला दादाने. नववीत होते. त्या सायकलवर शाळेत गेले मी. कुठून आले पैसे ते सगळ्यांना माहीत होतं. कोणी एक शब्द बोललं नाही. आईनं तर पेढे वाटले.”

सगळे गप्प बसलो. जिंकल्यावर पेढे आणि हरल्यावर ‘त्याचा नाद’. हा जो हिशोब आहे तो एकट्या मामांच्या वहीत नाही, घरातल्या सगळ्यांच्या वहीत आहे.

जुगाऱ्याचं इतकं खरं वर्णन फार जुनं आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, चौतिसावं सूक्त, एका जुगाऱ्याचं मनोगत आहे. बायको दूर झाली, सासू तोंड बघत नाही, घरचे ओळख देत नाहीत, कर्जामुळे रात्री दुसऱ्यांच्या घराकडे जातो, उद्यापासून खेळणार नाही असं ठरवतो आणि फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. आधुनिक वैद्यकाने याला आजार म्हणून पहिल्यांदा आपल्या यादीत घेतलं ते १९८० मध्ये, आणि दारूसारख्या व्यसनांच्या शेजारी बसवलं ते २०१३ मध्ये. सूक्ताच्या शेवटी त्या जुगाऱ्याला सल्ला आहे की फासे सोड, शेती कर. वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं त्यांत बुलढाणा होता. जिथे शेती हाच सगळ्यात मोठा डाव, तिथे या सल्ल्याचं काय करायचं?

सरकार या सगळ्यात कुठे होतं? दोन्हीकडे. एकीकडे जुगाराच्या कायद्याखाली छापे, दुसरीकडे १९६९ पासून स्वतःची महाराष्ट्र राज्य लॉटरी. १९९८ च्या केंद्राच्या लॉटरी कायद्यात एक कलम आहे की एका आकड्यावर बक्षीस ठेवायचं नाही आणि एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच. हे कलम लिहिणाऱ्याला मटका पक्का माहीत असणार, कारण मटक्याची सगळी ताकद याच दोन गोष्टींत आहे: एक आकडा आणि रोजचा निकाल. पुढे २००० नंतर ऑनलाइन लॉटरीची दुकानं निघाली, मग मोबाइल आला आणि टपरी खिशात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. १८९० च्या पॅचनंतरचा हा कितवा पॅच, मोजायला हवं.

आता ती ओळखीची गोष्ट.

मामांच्या वहीसारखी एक फाइल माझ्याकडे आहे. एक्सेलमध्ये. डावीकडे तारीख, मध्ये ऑप्शनचा भाव, उजवीकडे रुपये, तोट्याच्या ओळी लाल. २०२१ मध्ये लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या फ्लॅटवर एकटा होतो, दोन हजारांचे अठरा हजार झाले एका दुपारी. मित्रांना पार्टी दिली (पेढेच की). पुढची तीन वर्षं मी ‘अभ्यास’ केला. पायथनमध्ये मागच्या पाच वर्षांचा डेटा तपासायचा प्रोग्राम लिहिला. दर आठवड्याला एक्स्पायरी, पगार एक तारखेला, कमी पडले तर फोनवर पाच मिनिटांत पर्सनल लोन. गेलेले काढण्यासाठी पुढच्या आठवड्यात दुप्पट. एकूण सहा लाख चाळीस हजार. कायद्याच्या भाषेत हा जुगार नाही, आणि शेअर बाजार म्हणजे मटका असं मी म्हणणारही नाही. पण सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात निघाल्या, आणि सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. मी जे करत होतो ते मामा करत होते तेच होतं, फक्त माझ्याकडे वही ऐवजी लॅपटॉप होता आणि इंजिनियरिंगची डिग्री असल्यामुळे आपण हुशार आहोत असा जास्तीचा गैरसमज होता.

हे त्या ओट्यावर बोललो. कोणाला सांगितलेलं नव्हतं. आई काही बोलली नाही. मामांनी विचारलं, “कर्ज किती रायलं?” मी आकडा सांगितला. “उधारी वाढवू नोको. आन पैसे हातात ठेवू नोको.”

ते स्वतः कसे सुटले ते तेव्हाच कळलं. शपथ, देवाचं पाणी, सगळं दोनतीनदा झालं होतं. शेवटी १९९४ मध्ये मामींनी उरलेलं चार एकर बटईने दिलं आणि मामांना दुसऱ्याकडे सालदार म्हणून ठेवलं. वर्षाचं धान्य आणि पैसे थेट मामींच्या हातात. “पह्यलं वर्स लय जड गेलं,” मामा म्हणाले. “मंग आकडा काय आला ते इचारनंच सुटलं.” टपरीवाल्या मित्रालाही मामी जाऊन भेटल्या होत्या. काय बोलल्या ते त्या सांगत नाहीत, पण त्याने पुन्हा मामांची चिठ्ठी लिहिली नाही. मानसशास्त्राची पुस्तकं सल्ला देतात तो बराचसा हाच आहे: पैशाचा हात बदला, खेळ लांब करा, घरात एकाला तरी सगळं खरं माहीत असू द्या. मामी चौथीपर्यंत शिकल्या आहेत.

पुण्याला आल्यावर मी ब्रोकरकडचा तो सेगमेंट बंद करायचा अर्ज भरला, आणि खर्चापुरते ठेवून बाकी पगार आईबरोबरच्या जॉइंट खात्यात जाईल असं केलं. तीन आठवडे झालेत. गुरुवारी दुपारी हात फोनकडे जातो. खोटं कशाला सांगू. रोज रात्री मामांचा फोन येतो, जेवलास का विचारायला. आधी कधी येत नव्हता.

वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे अशी वही किंवा फाइल असेल तर कोणाला तरी दाखवा. घरात नाही जमलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

असो, फार लांबलं. वही आईने परत माळ्यावर ठेवू दिली नाही. मामांनी ती स्वतःकडे ठेवून घेतली आहे, मागची बारा पानं कोरी आहेत म्हणे, दुधाचा हिशोब लिहायला होतील.